१८१ वरच्या तक्रारी आणि अपिलाची मुदत

जुनी इंदूरमधून एका ताईंचं पत्र आलंय. यजमान लोडिंग रिक्षा चालवायचे, गेल्या पावसाळ्यात वारले. राष्ट्रीय परिवार सहायता योजनेच्या २०,००० रुपयांसाठी ताईंनी लोक सेवा केंद्रात अर्ज दिला. पुढे महापालिकेच्या झोन ऑफिसात कुणीतरी तोंडी सांगितलं, "नामंजूर झालं." तेव्हापासून त्या १८१ वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रारी करताहेत आणि तक्रारी बंद होताहेत. आता विचारतात, केस करू का?

ताई, केसचं राहू द्या. नामंजुरीचा लेखी कागद तुम्हाला मिळाला का? सगळं तिथे अडलंय.

मध्य प्रदेशात २०१० पासून लोक सेवा गारंटी कायदा आहे. अर्ज फेटाळला किंवा मुदतीत काम झालं नाही, तर ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. १८१ वरचा फोन अपील धरला जात नाही आणि त्याने हे ३० दिवस थांबतही नाहीत. किती जणांना सांगून झालं! तक्रार एल-१ वरून एल-२ वर, म्हणजे वरच्या पातळीच्या अधिकाऱ्याकडे, गेली की माणसं खूश होतात. 'निराकरण झाले'चा मेसेज येईपर्यंत मुदत केव्हाच उलटलेली असते.

तरी तुम्हाला एक वाट आहे. अर्ज फेटाळताना कारणं लेखी नोंदवून अर्जदाराला कळवायला हवीत, असं त्याच कायद्याचं कलम ५ सांगतं. खिडकीतून तोंडी सांगणं म्हणजे कळवणं नव्हे, असं मी मांडीन. समोरचा अधिकारी ते मानेलच असं नाही. म्हणून आदेशाची प्रत लेखी मागा, पण तिची वाट बघत बसू नका. पहिलं अपील लगेच दाखल करा आणि सोबत उशीर माफीचा अर्ज जोडा. पुरेसं कारण दिसलं तर ३० दिवसांनंतरही अपील घेता येतं. १८१ च्या तक्रारींचे क्रमांक इथे मात्र कामाचे. तुम्ही गप्प बसला नव्हता एवढं त्यातून दिसतं.

लोक सेवा केंद्राची पावती 'घरात कुठेतरी असेल' असं लिहिलंय तुम्ही. अहो, नोंदणी क्रमांक आणि काम व्हायची शेवटची तारीख तिच्यावरच असते! गॅसच्या पुस्तकात, पत्र्याच्या पेटीत, जिथे असेल तिथून काढा.

मूळ हक्काचं म्हणाल, तर गेलेली व्यक्ती घरातली मुख्य कमावती, वय १८ ते ५९ आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असावं लागतं. समग्र आयडीत, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीत, तुम्ही सासऱ्यांच्या कुटुंबात दिसत असाल तर कदाचित तिथे खोट काढली असेल. आदेश पाहिल्याशिवाय जास्त बोलत नाही.

पहिलं अपील फेटाळलं तर ६० दिवसांत दुसरं. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५०, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि तो तुम्हाला भरपाई म्हणून देता येतो. त्या भरवशावर उधारी मात्र करू नका.

विधवा पेन्शनचा अर्ज वेगळा असतो, तो आजच टाका. महिन्याला ६०० रुपये. इंदुरात त्यात खोलीचं भाडंही निघत नाही, पण सोडू नका. ते २०,००० सुद्धा २०१२ पासून तेवढेच आहेत, महागाई सरकारला दिसत नसावी.

हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात रिट करता येते, पण अपील केलं होतं का, हे तिथे आधी विचारतील. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून फुकट मिळतो. बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. आणि जो कागद द्याल त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.