ग्लुटाथायोनिलेशन बघायचंय? आधी थायॉल बंद कर

ग्लुटाथायोनिलेशन म्हणजे प्रथिनाच्या थायॉलला (सिस्टीनच्या -SH गटाला) ग्लुटाथायोन हा छोटा पेप्टाइड डायसल्फाइडनं, म्हणजे दोन गंधकांमधल्या बंधानं, जोडला जाणं. पेशी फोडायच्या बफरमध्येच थायॉल बंद करणारं एन-इथिलमॅलेइमाइड असू दे, 20 ते 50 मिलिमोलर. नंतर घातलंस तर उशीर झाला: प्रथिनांचे मोकळे थायॉल ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोनला चिकटतात आणि पेशीत नसलेला बदल ब्लॉटवर (जेलवर वेगळी करून प्रतिपिंडानं दाखवलेल्या प्रथिनांच्या पट्ट्यांवर) दिसतो. एन-इथिलमॅलेइमाइड ताजं, इथेनॉलमध्ये विरघळव. पाण्यात टिकत नाही. पीएच 7 च्या आसपास ठेव, वर गेला की लायसिन या अमिनो आम्लालाही धरतं. बेळगावात एप्रिलचा उकाडा आणि त्यात लाईट गेली तर पंचाईत, बर्फ आधीच भरून ठेव.

जेलवर नमुना घालायच्या लोडिंग डायमध्ये डीटीटी (डायसल्फाइड तोडणारं रसायन) नको, डायसल्फाइड तुटलं की सिग्नल गेलाच. जेलच्या फक्त एका लेनला (एका नमुन्याच्या रांगेला) डीटीटी मुद्दाम दे, शेजारची लेन रिकामी सोडून, नाहीतर पाझरतं. तिथंही पट्टा उरला तर तो खोटा. आणि पट्टा वर सरकेल म्हणून बघत बसू नकोस. भर पडते जेमतेम 305 डाल्टनची.