हिरा निघून जातो आणि खड्डा मागे राहतो

प्रश्न: आमचं छोटं वर्कशॉप आहे, ग्रेनाइट कापायच्या ब्लेडचे सेगमेंट, म्हणजे कडेला बसवायचे कापणारे तुकडे, आम्हीच हॉट प्रेसवर (पावडर तापवून दाबणाऱ्या मशीनवर) बनवतो, कोबाल्ट आणि ब्रॉन्झच्या पावडरमध्ये हिऱ्याचे कण मिसळून. पण बरेच कण झिजायच्या आधीच निघून पडतात. सप्लायर म्हणतो टायटॅनियम कोटिंगचा हिरा घ्या, तो महाग आहे. खरंच फरक पडतो का?

उत्तर: पडतो, पण पैसे घालायच्या आधी वापरलेला सेगमेंट २० पट भिंगाखाली बघा. कण वर डोकावतोय आणि त्याच्या मागे धातूची छोटी शेपटी आहे, म्हणजे तो कण नीट काम करतोय. आतून गुळगुळीत, चकचकीत खड्डे जास्त दिसले तर पकड नाहीये, आणि हा तुमचा आजार असेल तर कोटिंगचा उपयोग होईल. पण कण जागेवरच आहेत आणि वरून सपाट घासलेत असं दिसलं तर बाँड, म्हणजे कण धरून ठेवणारा धातू, त्या दगडाला फार कडक आहे, तिथे कोटिंग केलं तर बोथट हिरा अजूनच घट्ट बसून राहील, म्हणून घाई करू नका.

आता पकड का नसते ते. ब्रॉन्झमधलं वितळलेलं तांबं किंवा कथिल हिऱ्यावर पसरतच नाही, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसतं. सेगमेंट थंड होताना धातू हिऱ्यापेक्षा कितीतरी पट जास्त आकसतो आणि कण आवळून धरतो, तुमच्या ब्लेडमध्ये सगळा भार या आवळण्यावरच आहे, कण निम्म्यापर्यंत उघडा पडला की ते संपतं.

टायटॅनियम, क्रोमियम, टंगस्टन ही मंडळी वेगळी, ती हिऱ्यातल्या कार्बनशी संयोग करून कार्बाइडचा पातळ थर बनवतात आणि त्या थराला बाकीचा धातू चिकटतो. मग टायटॅनियमची पावडरच मिश्रणात का टाकू नये? बरेच जण टाकतात, पण हॉट प्रेसच्या त्या काही मिनिटांत ती हिऱ्यापर्यंत पोचण्याआधी ऑक्सिजनच धरून बसते. कोटिंगमध्ये टायटॅनियम आधीच जागेवर असतं, आपण पैसे त्याचेच देतो. थर मायक्रॉनच्या आसपासच हवा, जाड झाला की कार्बाइड ठिसूळ असल्यामुळे तिथूनच तडकतो. आणि चांगलं चिकटावं म्हणून तापमान वाढवत बसू नका, कोबाल्ट आणि लोखंड तापल्यावर हिऱ्याच्या पृष्ठभागाचं ग्रॅफाइट करायला लागतात, तुम्ही ८०० डिग्रीच्या आसपास असाल तर तिथेच राहा.

आधी थोडाच माल घ्या. एकाच ब्लेडवर एक सेगमेंट कोटिंगवाला, एक साधा असे आळीपाळीने ब्रेझ करा (वितळलेल्या धातूने जोडा), डिस्कवर पंचने खूण करा, म्हणजे दगड, पाणी, फीड (ब्लेड पुढे सरकायचा वेग), ऑपरेटर सगळं दोघांना सारखंच मिळेल. मग नेहमीचा ग्रेनाइट आठवडाभर कापा आणि दोन्हीकडचे खड्डे मोजा.