मुलगा पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय. मानसोपचारतज्ज्ञांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर चालेल का?

चालेल. तुम्ही लिहिलंय की मुलगा 22 वर्षांचा आहे, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहतो, नीट झोपत नाही, जेवत नाही, आणि नातेवाईक म्हणतात, ‘असले आजार फोनवर बरे होत नसतात, समोर बसवूनच दाखवा.’ हे वाक्य मी माझ्या माहेरी इतकी वर्षं ऐकतेय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

नारायण पेठेत आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी मुलांना कॉट देते. दोन खोल्या, सहा कॉट. पूर्व परीक्षेचा निकाल लागला आणि उदगीरकडच्या एका मुलाचा मेसचा डबा दाराशी तसाच राहायला लागला. सकाळी सातला अभ्यासिकेत जाणारा पोरगा दुपारी दोनपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलेला. विचारलं की ‘काही नाही काकू, ॲसिडिटी.’ घरी कळलं तर परत बोलावून घेतील, ही धास्ती.

शेवटी त्यानेच एका रात्री 14416 ला फोन लावला. टेली-मानस, सरकारची हेल्पलाइन. ऑक्टोबर 2022 पासून आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. तिथे बोलल्यावर त्याने कोथरूडच्या एका डॉक्टर बाईंची व्हिडिओची वेळ घेतली.

पहिला कॉल गच्चीवर. पाण्याची मोटर चालू, शेजारी कपडे वाळत घालणारी मुलं. दुसरा ओंकारेश्वराच्या मागे नदीकाठी, हेडफोन घालून. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘काकू, मॅडम विचारतात ते मला सांगायचंय, पण मागून माणसं जात असतात. मी प्रत्येक प्रश्नाला ठीक आहे, ठीक आहे म्हणतो.’ डॉक्टरांना वाटत होतं, पोरगा सुधारतोय.

मी त्याला आमची मागची खोली दिली, देवघराशेजारची. दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते सात. तो आत गेला की मी स्वयंपाकघरात मिक्सर लावायचे, टीव्हीचा आवाज वाढवायचे, म्हणजे बाहेर काही ऐकू जात नाही याची त्याला खात्री पटावी. पहिल्या गुरुवारी बाहेर आला तेव्हा डोळे सुजलेले होते आणि त्याने स्वतःहून चहा मागितला. पुढे चार महिने गावी राहिला, तरी डॉक्टर बदलावे लागले नाहीत. उदगीरहून दर वेळी पुण्याला यायचं म्हटलं असतं तर उपचार दुसऱ्याच महिन्यात सुटले असते.

आता माझा दादा. तो वैद्य आहे, हाताला गुण आहे, हे मी नाकारत नाही. पण ही हकिगत सांगितली तर म्हणाला, ‘माणूस समोर नाही, नाडी हातात नाही, याला उपचार म्हणायचं?’ मी त्याला विचारलं, 1988 साली आपल्या धाकट्या बहिणीला तू कोणासमोर बसवलंस? आम्ही तेव्हा वाईला होतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना ती माजघरातून बाहेर येईनाशी झाली. डॉक्टर म्हणजे पुणे, आणि पुण्याला नेलं तर ‘येरवड्याला नेली’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, असं गावभर होईल, म्हणून दादाने नेलं नाही. दोन वर्षं. तिचं कॉलेज राहिलं ते राहिलंच. प्रत्यक्ष भेट चांगली असते हो, पण ती झाली तर. जे घरातून कधी निघालेच नाहीत, त्यांनी फोनला नावं ठेवू नयेत.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मरणाच्या गोष्टी बोलत असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, अनेक रात्री डोळा लागला नसेल, तर व्हिडिओची वाट बघू नका, थेट रुग्णालयात न्या, आणि तोवर एकटं ठेवू नका. या आजारांचं औषध नव्याने सुरू करायचं तर नुसता फोन पुरत नाही, व्हिडिओ लागतो. मिथाइलफेनिडेटसारखी (हे एकाग्रतेच्या त्रासावर देतात) काही औषधं व्हिडिओवर लिहून देताच येत नाहीत, आणि लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) असेल तर रक्त तपासायला लॅबमध्ये जावंच लागतं. मुलगा अठराच्या आतला असता तर कॉलवर मोठं माणूस सोबत लागलं असतं. तो 22 चा आहे. आत काय बोलला ते डॉक्टर तुम्हाला सहसा सांगणार नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो त्याचा हक्क आहे, त्यावरून डॉक्टरांशी भांडू नका.

तज्ज्ञ कोण, फी किती, हे तुम्ही विचारलंय, ते त्या मुलाच्या वेळचं मला आता धड आठवत नाही. पण मुलाला आजच विचारा की दार लावून बोलता येईल अशी जागा त्याच्याकडे आहे का. नसेल तर घरमालकांशी तुम्ही स्वतः बोला. आजाराचं नाव काढायची गरज नाही. आठवड्यातून एक तास रिकामी खोली हवी आहे, एवढंच म्हणा.