गर्दीत गाडी चालवायची आहे

चि. बाळ,

बहारीनचं तिकीट निघालं हे कळलं आणि फार आनंद झाला. कार्टिंगची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून रोटॅक्स या इंजिन कंपनीच्या जागतिक स्पर्धेला, ग्रँड फायनल्सला, जाणं ही तू कमावलेली गोष्ट आहे, कुणी हाताला धरून नेलेली नाही. फोनवर सांगितलेलं निघायच्या धांदलीत विसरलं जातं, म्हणून लिहितोय. हा कागद हेल्मेटच्या पिशवीत ठेव आणि विमानात एकदा वाच.

तुझ्या वेगाची मला काळजी नाही. मोहित्यांच्या ट्रॅकवर, बेंगळुरूला मेकोवर, चेन्नईला मिकावर तू कशी चालवतेस ते मी पाहिलंय. काळजी आहे ती गर्दीची. आपल्याकडे ज्युनियर गटात कित्येकदा दहा-पंधरा गाड्या सुटतात. पहिल्या दोन लॅप झाल्या की तू पुढे निघून जातेस आणि उरलेली शर्यत एकटीच चालवतेस. तिथे तुझ्यासकट ३६ गाड्या एका वेळी पहिल्या वळणावर येतील. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या वेळेच्या फेरीत, पहिल्या पंधरा-वीस जणांत अर्ध्या सेकंदाचंही अंतर नसतं. युरोपातली मुलं आठव्या-नवव्या वर्षापासून अशाच घोळक्यात वाढलेली असतात. ती तुझ्यापेक्षा फार वेगवान असतील असं नाही, पण चहूबाजूंनी गाड्या असताना त्यांचा श्वास वर-खाली होत नाही. ते तुला तिथेच शिकायचं आहे, आणि आठवडाभरात शिकायचं आहे.

आधी गाडीचं बोलू. तुझी रोजची गाडी इथेच राहणार. ग्रँड फायनल्सला चेसी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन आयोजक देतात, तेही चिठ्ठ्या काढून. इंजिन उघडून फेरफार करता येऊ नये म्हणून त्याला सील असतं. मला या स्पर्धेचा हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण बापाच्या पैशाने विकत घेतलेलं इंजिन तिथे चालत नाही. पण त्याचा अर्थ असाही, की 'मला इंजिन वाईट मिळालं' हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकायचं नाही. एखादं इंजिन थोडं हळू असेलही. सरळ रस्त्यावर तुझा दहावा हिस्सा सेकंद जात असेल, तर मेकॅनिकला सांगायचं, तो जेट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) आणि स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) बघेल. तेवढं झालं की तो विषय संपला. नवी चेसी हातात आली की बाबांच्या आणि मेकॅनिकच्या मागे उभी राहा, सीट बसवताना स्वतः बसून बघ. दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तरी तुझ्या बरगड्यांना आणि मागच्या टायरला ते कळतं.

आता गुणांचं गणित. हे नीट समजून घे, कारण तिथे जाणाऱ्या निम्म्या मुलांना ते शेवटपर्यंत कळत नाही. तुझ्या गटात ७२ जण असतील, तर १८-१८चे चार गट पडतात आणि प्रत्येक गट बाकीच्या तिघांशी एकेकदा भिडतो. म्हणजे तुला तीन हीट, फायनलआधीच्या शर्यती. पहिल्याला ० गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३, असं खाली. कमी गुणवाला पुढे. आता बघ. एका मुलीने दोन हीट जिंकल्या आणि तिसरीत पहिल्याच वळणावर कुणाच्या तरी चाकावर चढली, म्हणजे शेवटची. तिची बेरीज ० अधिक ० अधिक ३६, म्हणजे ३६. दुसरी मुलगी तिन्ही वेळा नववी आली. तिची बेरीज २७. कुणाच्या लक्षातही न आलेली ही नववी मुलगी दोन शर्यती जिंकणारीच्या पुढे उभी राहते. त्यामुळे हीटमध्ये आठव्या जागेवर असताना सातव्यासाठी आतून उडी मारावीशी वाटली, तर एका जागेचा फायदा एका गुणाचा आहे आणि चुकलीस तर तोटा पंचवीस-तीस गुणांचा आहे, हे डोक्यात असू दे. भिऊन चालव असं मी म्हणत नाही. जागा मिळाली की घ्यायचीच. पण ती जागा समोरच्याने खरोखर सोडलेली असली पाहिजे. आपण मनाने कल्पलेली नको.

सुरुवात. दोन रांगांत, रंगवलेल्या पट्ट्यांच्या आत, संथ वेगाने यायचं. पिवळ्या रेघेच्या आधी गॅस द्यायचा नाही, पट्ट्याबाहेर चाक जाऊ द्यायचं नाही, दोन्हीला दंड आहे. बाहेरच्या रांगेत असलीस तर पहिल्या वळणावर दोन-चार जागा जातील, हे आधीच मान्य करून ठेव, म्हणजे गेल्या की घाबरणार नाहीस. बाहेरच्या रांगेतून लवकरात लवकर आत शिरायचं. समोरच्याच्या मागच्या बंपरला चिकटून राहायचं आणि मध्ये फट ठेवायची नाही. फट दिसली की तिथे कुणीतरी नाक घालणारच.

नाकावरून आठवलं. नोज, म्हणजे गाडीच्या पुढचा बंपर, धक्क्याने आत ढकललं गेलं की ५ सेकंदांचा दंड लागतो. शर्यत संपल्यावर अधिकारी ते बघतात. इतक्या चुरशीच्या शर्यतीत ५ सेकंद म्हणजे दहा-बारा जागा सहज जातात. आपल्याकडे मागून ढोसायची सवय काही जणांना असते, आणि तुलाही ती थोडी आहे, हे मी प्रेमाने सांगतो. सरळ रस्त्यावर बंपरला बंपर लावून हळुवार ढकललंस तर दोघी पुढे जाल. ब्रेकिंगच्या जागेवर आपटलीस तर तिची शर्यत बिघडेल आणि तुझं नोज जाईल.

अजून एक. दोन गाड्या एकमेकींशी भांडायला लागल्या की दोघींचा वेग पडतो आणि मागची आगगाडी येऊन भिडते. पहिल्या काही लॅपमध्ये तुझ्यापेक्षा किंचित वेगवान मुलगी मागे असेल, तर तिला जाऊ दे आणि तिच्या मागे लाग. ती तुला ओढत पुढच्या घोळक्यापर्यंत नेईल. शेवटच्या दोन लॅपमध्ये मात्र कुणाला काही देऊ नकोस.

क्वालिफाइंगबद्दल फार लिहीत नाही. वेळ थोडा असतो, टायर दुसऱ्या-तिसऱ्या लॅपला चांगले चालतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या मागे हवेचा आडोसा शोधत रेंगाळतो. पुढच्यापासून थोडं अंतर ठेव, तापलेले टायर असतानाच लॅप लाव, रेंगाळण्यात वेळ घालवू नकोस.

आता तो ट्रॅक. साखीरला फॉर्म्युला वनचा जो मोठा ट्रॅक आहे, त्याच आवारात कार्टिंगचा ट्रॅक आहे. सुमारे १.४ किलोमीटरचा, रुंद, दिव्यांच्या उजेडात रात्री चालणारा. भोवती वाळवंट. वारा सुटला की बारीक वाळू ट्रॅकवर येऊन बसते. सकाळच्या पहिल्या सरावात गाडी साबणावर असल्यासारखी घसरेल. त्या वेळेचे लॅप मनावर घेऊ नकोस. दिवसभर गाड्या फिरतात, ज्या रेषेवरून सगळे जातात तिथे टायरचं रबर चढतं, ग्रिप (टायरची पकड) वाढत जाते. पण ती फक्त रेषेवर. रेषेबाहेर वाळू तशीच असते. म्हणजे ओव्हरटेक करायला बाहेर पडलीस की टायरवर वाळू येणार आणि पुढचं एखादं वळण गाडी धरणार नाही. ओव्हरटेक केल्यावर लगेचच्या वळणाला थोडा आधी ब्रेक लाव. ही एक गोष्ट जरी लक्षात राहिली तरी तुझी एखादी हीट वाचेल.

ग्रिप वाढली की सगळं बदलतं, आणि इथेच तुझं खरं काम आहे. कार्टला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) नसतो, मागची दोन्ही चाकं एका एक्सलवर एकत्र फिरतात. वळताना आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं तरच गाडी वळते. सस्पेन्शनही नाही, चेसीच वाकते आणि ते चाक उचलते. कोल्हापुरात तुला हे अंगवळणी पडलंय, त्याचा विचार करावा लागत नाही. तिथे शेवटच्या दिवशी, सगळ्या गटांच्या गाड्यांनी रबर घातलेल्या ट्रॅकवर, तीच गाडी बांधून ठेवल्यासारखी वागेल. वळणातून बाहेर पडताना इंजिन गुदमरेल, किंवा आतली दोन्ही चाकं उचलून गाडी उड्या मारेल. पहिल्या दिवसाचा सेटअप, म्हणजे गाडीची जुळवणी, शेवटच्या दिवशी चालत नाही. मेकॅनिक तो बदलेल, पण कशावरून बदलेल? तुझ्या सांगण्यावरून. डेटा असतो, खरं आहे. डेटा सांगतो की चौथ्या वळणातून बाहेर पडताना आरपीएम पडले. का पडले ते गाडीत बसलेल्या माणसालाच कळतं.

म्हणून पिटमध्ये आल्यावर 'गाडी चांगली नाही' एवढं म्हणून हेल्मेट काढू नकोस. कोणतं वळण, शिरताना की मधे की बाहेर पडताना, पुढचं घसरतंय की मागचं, पहिल्या लॅपपासून की पाचव्या लॅपनंतर, इतकं सांग. उपाय सुचवू नकोस. 'मागची रुंदी कमी करा' हे तू म्हणालीस की मेकॅनिक ते करेल, आणि खरं दुखणं वेगळंच असेल. डॉक्टरला दुखतंय कुठे ते सांगायचं, गोळीचं नाव सांगायचं नाही.

संध्याकाळच्या सत्रांना हवा गार होते. गार हवा दाट असते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि टू-स्ट्रोक इंजिन तापायला लागतं. मेकॅनिक मोठा जेट घालेल. तू गेजवरचं तापमान सरळ रस्त्यावर एकदा बघत जा. आणि काळा व्हायझर लावून दिव्याखालच्या सत्राला जाऊ नकोस. दुपारच्या सरावानंतर पारदर्शक व्हायझर लावायचं काम कुणावर सोपवायचं नाही, ते तुझं.

फॉर्म्युला वनचा विश्वविजेता आयर्टन सेना, त्याची गोष्ट तुला सांगितलीय, पुन्हा सांगतो. ब्राझीलमध्ये गाजलेला हा मुलगा १९७८ साली ल माँला कार्टिंगच्या जागतिक स्पर्धेत पहिल्यांदा उतरला आणि सहावा आला. पुढे १९७९ आणि १९८० अशी दोन वर्षं दुसरा आला. कार्टिंगचं जागतिक विजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला २०११ साली फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाच्या निवडीत आला, युरोपात जाऊन त्या गर्दीत शिकला, आणि २०१३ साली ज्युनियर गटाच्या जागतिक स्पर्धेत तिसरा आला. मधली दोन वर्षं कुणी छापत नाही. तुझी ती वर्षं आत्ता सुरू होताहेत. पहिल्याच वेळी फायनलच्या रांगेत तुझी गाडी उभी राहिली, तरी मी तालमीबाहेर पेढे वाटेन. नाही राहिली आणि तिन्ही हीट पूर्ण करून आलीस, तरी तुला पुढच्या वर्षासाठी काय हवंय ते नेमकं माहीत असेल.

बाबांविषयी. तू खर्चाचा हिशोब डोक्यात घेऊन बसतेस, हे मला कळतं. टायर, प्रवास, मेकॅनिक, शाळेतून घेतलेल्या सुट्ट्या, सगळं तुला पाठ आहे. उद्यमनगरात दोन पाळ्या उभं राहून तुझ्या बाबांनी हे जमवलंय, म्हणून प्रत्येक लॅपमध्ये ते परत करायचं असं तुला वाटतं. बाळ, ते ओझं गाडीत घेऊन बसू नकोस. नियमातलं किमान वजन भरायला सीटला शिसं लावतो तेवढं पुरे. मी त्यांच्याशी बोललोय. तू ट्रॅकवरून आलीस की पहिली दहा मिनिटं मेकॅनिकची, त्यानंतर पाणी, मग बाबा. कितवी आलीस हे ते विचारणार नाहीत. त्यांनी मला शब्द दिलाय, आणि तो पाळणं त्यांना जड जाणार आहे, म्हणून तूही त्यांना सांभाळून घे.

बारीकसारीक. हेल्मेटवरचा सीएमआर शिक्का (मुलांच्या हेल्मेटची सुरक्षा-मान्यता) आणि सूटचं लेबल निघायच्या आधी बघ, तपासणीत त्यावरून अडवतात. बरगड्यांचं संरक्षक आणि हातमोज्यांचे दोन जोड हातातल्या सामानात ठेव, बॅग हरवली तरी चालेल असं बघ. बहारीन आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस पहाटेच जाग येईल. उठून ट्रॅकचं चित्र काढत बस, मोबाइल नको. आणि पहिल्या दिवशी चालत ट्रॅक फिरायला मिळाला तर प्रत्येक कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) पाय ठेवून बघ, कोणता चढता येईल आणि कोणता गाडी उडवेल. शेजारच्या तंबूतल्या मुलांशी ओळख कर. शर्यतीत ती तुझी प्रतिस्पर्धी असतील, पण सुटा बोल्ट त्यांच्याकडूनच मागावा लागेल.

पहिल्या सरावानंतर मला फोन कर. लॅप टाइम मी संगणकावर बघेनच, तू मला वळणं सांग. एकेक करून, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मी वही घेऊन बसतो.

तुझा,
काका
कोल्हापूर