बर्लिनला चित्रकार म्हणून यायचं की क्युरेटर म्हणून?

तुम्ही ड्रॉइंग आणि इन्स्टॉलेशन करता, सोबत काही ग्रुप शो क्युरेट केलेत, म्हणजे इतरांची कामं निवडून प्रदर्शनं मांडलीत, आणि आता बर्लिनला यायचं मनात आहे. अर्ज कोणत्या नावाने करू आणि दोन्ही करणाऱ्याला तिथे कोणी मानतं का, असं तुम्ही विचारलंत. मी इथे ही दोन्ही कामं करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मानतात. 2012 ची बर्लिन बिएनाले, म्हणजे ठरावीक वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, आर्तुर झ्मियेव्स्की या कलाकाराने क्युरेट केली, 2022 ची कादर अत्तियाने. त्याच वर्षी जर्मनीतल्या कासेल शहरातलं डॉक्युमेंटा हे मोठं कलाप्रदर्शन जकार्ताच्या रुआंग्रुपा या कलाकारांच्या गटाकडे होतं. कोची-मुझिरिस बिएनाले तर बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोघा कलाकारांनीच उभी केली, आणि 2014 ला जितिश कल्लाट तिचे क्युरेटर होते. तेव्हा त्या बाजूने निर्धास्त राहा. अडचण येते ती कागदावर.

भारतीय पासपोर्टवर राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे जास्त काळ राहण्याचा, निघण्याआधीच घ्यावा लागतो. टुरिस्ट व्हिसावर येऊन इथे बदलून घेऊ, हा विचार सोडून द्या. जर्मनीच्या निवासाच्या कायद्यात कलम 21 मधलं पोटकलम 5 फ्रीलान्स काम करणाऱ्यांसाठी आहे, तुमचा अर्ज त्याखाली जाईल. पोर्टफोलिओ, उत्पन्न-खर्चाचा आराखडा, आरोग्य विमा आणि ज्यांच्यासाठी काम करणार त्यांची पत्रं लागतात. वय 45 च्या पुढे असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. सगळ्यात जास्त मेहनत त्या पत्रांवर घ्या. ‘यांच्यासोबत काम करायला आवडेल’ एवढंच लिहिलेल्या पत्राला वजन नसतं. काम कोणतं, कधी, आणि मानधन किती, हे तिन्ही त्यात हवं. परवान्यावर कोणत्या कामाची मुभा आहे ते लिहिलेलं असतं, म्हणून अर्जात दोन्ही नोंदवा: मुख्य व्यवसाय दृश्यकलाकार, त्याला जोडून क्युरेशन.

कलाकार आधी का, तर केएसकेमुळे. हा कलाकार आणि लेखकांचा सामाजिक विमा. कायदा 1981 चा, लागू झाला 1983 ला. नोकरदाराचा निम्मा हप्ता मालक भरतो, तसा फ्रीलान्स कलाकाराचा निम्मा हप्ता यातून भरला जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं दार यामुळे उघडतं. बाहेरून आलेल्या फ्रीलान्सरला ते एरवी सहजासहजी उघडत नाही. कलेतून वर्षाला 3,900 युरोंच्या वर कमाई दाखवावी लागते, पण पहिली 3 वर्षं नवख्यांना ती अट नसते. दृश्यकला त्यांच्या चौकटीत सरळ बसते. क्युरेशनचं काम मात्र प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं.

आता जे दोन्ही करणाऱ्यांच्याच वाट्याला येतं ते. त्या निम्म्या हप्त्याचा मोठा भाग कुठून येतो? कलाकारांना काम देणाऱ्या संस्थांकडून. कलाकाराला दिलेल्या मानधनावर संस्थेला वेगळा कर भरावा लागतो, 2025 साली तो 5 टक्के होता. उद्या तुम्ही मैत्रिणींसोबत प्रोजेक्ट स्पेस, म्हणजे स्वतः चालवलेली छोटी प्रदर्शनाची जागा, काढलीत आणि कलाकारांना मानधन देऊ लागलात, की त्याच कायद्याने तुम्ही पलीकडच्या बाजूला जाता. अनुदानाचं बजेट मांडताना ही ओळ पहिल्याच मसुद्यात घाला. करांचंही तसंच. स्वतःचं चित्र विकलं तर विक्रीकर 7 टक्के, क्युरेशनच्या फीवर साधारणपणे 19. वर्षाची उलाढाल 25,000 युरोंच्या आत असेल तर यातून सूट मिळते, तरी दोन्ही उत्पन्नं पहिल्या बिलापासून वेगळी लिहा. आणि पहिल्या वर्षी कर सल्लागारावर पैसे खर्च करा, त्यात कंजुषी नको.

स्वतः क्युरेट केलेल्या शोमध्ये स्वतःचं काम लावू नका. प्रदर्शन हीच तुमची कलाकृती असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तसं जाहीरपणे म्हणा. इथलं कलावर्तुळ शहराच्या मानाने लहान आहे. आज जो ज्युरीत बसून तुमचा अर्ज वाचतोय, त्याचं काम उद्या तुम्ही निवडत असता. म्हणून स्टुडिओ व्हिजिट ठरवतानाच सांगून टाका की क्युरेटर म्हणून येतेय, की नुसतीच कलाकार म्हणून कामं बघायला. समोरचा त्याप्रमाणे कामं काढून ठेवतो, आणि आशाही त्याप्रमाणेच लावतो. ती आशा फुकट लावायला लावणं मला फार वाईट वाटतं.

दोन्ही बाजू माहीत असल्याचा खरा फायदा काम ताब्यात घेताना कळतो. कागदावरचं ड्रॉइंग आलं की टिश्यू बाजूला करायचा, बाजूने तिरका प्रकाश टाकायचा, म्हणजे सपाट उजेडात न दिसणारी वळी, कोपऱ्यातली दुमड, पेन्सिलीचा दाब उठून दिसतो. प्रत्येक खूण कंडिशन रिपोर्टात, म्हणजे कामाच्या अवस्थेच्या नोंदीत, लिहायची, फोटो काढायचा, आणि परत पाठवताना तीच यादी पुन्हा तपासायची. कागदाला 50 लक्सच्या वर उजेड नको. ज्याने स्वतःची ड्रॉइंग कुरिअरने पाठवली आहेत, त्याला या यादीचा कंटाळा येत नाही. तुमचे कलाकार हे लगेच ओळखतील, आणि पुढची कामं त्यातूनच मिळतील.

पैशांचं चित्र सध्या बरं नाही. बर्लिनने 2025 च्या सांस्कृतिक बजेटला सुमारे 13 कोटी युरोंची कात्री लावली. त्याची झळ सगळ्यात आधी छोट्या जागांना लागते. म्हणून नुसत्या क्युरेशनवर घर चालेल हे गृहीत धरू नका. आल्यावर लगेच कलाकारांच्या व्यावसायिक संघटनेचं, बीबीके बर्लिनचं, सभासदत्व घ्या. सवलतीचे स्टुडिओ त्यांच्यामार्फत मिळतात, रांग मोठी असते. छपाई आणि शिल्पाच्या वर्कशॉपही त्यांच्याच आहेत. मोठी उपकरणं घरी घेण्यापेक्षा तिथे जा, ओळखीही तिथेच होतात.

निघण्यापूर्वी तुमच्या जुन्या शोंचे करार, मानधनाच्या पावत्या, कॅटलॉग आणि निमंत्रणपत्रिका एकत्र करा, आणि मराठीतल्या कागदांचं अधिकृत जर्मन भाषांतर करून घ्या. व्हिसा आणि केएसके, दोन्हीकडे तेच कागद मागतात. हवं असेल तर तुमच्या पत्रांचा मसुदा मला पाठवा, मी वाचून सांगेन.