आधी पंचांग बघा, मग कोर्स

देवगड तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी बारावी शास्त्र शाखेतून ६८ टक्क्यांनी पास झाली, सीईटीचे गुण बरे आहेत. बारा वर्षांची असल्यापासून ती काकांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, रंगकाम करते. गेल्या पावसाळ्यात वडिलांबरोबर तिने आंब्याची १०० कोय कलमं (कोयीच्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधून केलेली) बांधली, त्यातली ६२ जगली. गावच्या भजनात पेटी वाजवते, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, फुलांचे फोटो काढते आणि लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ मोबाइलवर जोडून देते. गिटारचा क्लास मात्र दोन महिन्यांत सोडला. आई विचारतात, "घरात सगळे म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. हिला कुठल्या तरी एका लायनीला कसं लावू?"

सप्रेम नमस्कार.

लायनीला लावायची घाई नको. आवडी पाच आहेत म्हणून मला काळजी वाटत नाही. त्यातल्या चार ऑगस्टात एकदम अंगावर येतात, खरी अडचण ती आहे.

पण आधी ती टिकते का, हा तुमचा मुद्दा. गिटार सोडली, हे घरातल्यांच्या लक्षात राहिलं. गणपतीच्या शाळेत दरवर्षी न सांगता जाते, हे कोणी मोजलं नाही. प्रत्येक आवडीपुढे लिहून काढा : कधी धरली, कुठे थांबली, थांबल्यावर पुन्हा आपणहून वळली का. पहिल्या अवघड वळणावर सोडलेली आवड बिनधास्त खोडा. काम जमायला लागल्यावर सोडलेली असेल तर तिला नवं शिकण्याचीच गोडी आहे, असं समजा. अशी मुलं एकाच टेबलावर कोंडली की पाट्या टाकतात. आणि पाचसहा वर्षं पुन्हा पुन्हा ज्याकडे वळते, ते काम धरून ठेवायचं. तुमच्या पत्रावरून रंगकाम या यादीत नक्की बसतं, पेटीही बसत असावी. कलमं एकाच पावसाळ्याची आहेत, ती अजून तपासायची.

आता आवडींना कामं वाटून द्या. पोटापाण्याचं काम एकच, बाकीची हातखर्चाची किंवा नुसती जिवाची. तिच्या बाबतीत पोटापाण्यासाठी मी कलमं धरेन. रंगकाम आणि व्हिडिओ हातखर्चासाठी. पेटी आणि फुलं यांतून पैसे काढायला अजिबात जाऊ नये. सुपारी घेऊन वाजवायला लागलं की भजनाची मजा बऱ्याचदा तिथेच संपते.

कलमांचं काम पोट भरण्याइतकं पक्कं आहे का, हे तपासायला ही जूनची वेळ उत्तम. १०० मधली ६२ हा नवशिक्या हाताला चांगला आकडा आहे, पण मला उरलेल्या ३८ मध्ये जास्त रस आहे. रायवळ (गावठी) आंब्याच्या कोयीचं रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं तांबूस असतानाच बांधायला हवं. पानं हिरवी झाली की खोड राठ होतं आणि सांधा धरत नाही. काडी तीन-चार महिन्यांची, रोपाच्याच जाडीची आणि आठ-दहा दिवस आधी पानं छाटून ठेवलेली. पाचर चार-पाच सेंटिमीटर. जाडी जुळली नाही तर निदान एका बाजूची साल सालीला भिडवायची. पट्टी सैल बसली की सांध्यात पाणी जातं आणि काडी काळी पडते. या वर्षी प्रत्येक कलमाला चिठ्ठी लावायला सांगा : तारीख, काडी कुठल्या झाडाची, रोपाचं वय. मेलेलं कलम फेकण्याआधी पट्टी सोडून बघायचं आणि कारण लिहायचं. चिठ्ठ्या लिहायचा कंटाळा आला, तर कलम ही तिची हौस आहे. ३८ चा आकडा खाली आणायचा हट्ट धरला, तर धंदा आहे.

घरच्या बागेपुरती कलमं बांधणं वेगळं आणि विकणं वेगळं. फळझाडांची कलमं विकायला १९६९ च्या रोपवाटिका कायद्याखाली कृषी विभागाचा परवाना लागतो आणि काड्या ज्या मातृवृक्षांच्या घ्यायच्या त्यांची खात्री द्यावी लागते. तुमच्या बागेतली कुठली झाडं त्या लायकीची आहेत, हे वडिलांनी आत्ताच खूण करून ठेवावं.

आता ऑगस्टचं. कलमांचा हंगाम जून ते ऑगस्टचा मध्य. शाळेचा जोर चतुर्थीआधीचे तीन आठवडे. सडा फुलतो ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि चतुर्थीनंतर पेटीला घरोघर मागणी. जानेवारीत मात्र लग्नाचे व्हिडिओ सोडले तर हात रिकामे. म्हणून कोयी लवकर रुजवून कलमं जुलैअखेर उरकायची आणि १ ऑगस्टपासून शाळा. चतुर्थी कधी येते ते पंचांगात बघा : २०२५ साली २७ ऑगस्टला होती, २०२६ साली अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबरला. या अठरा दिवसांनी सगळं वेळापत्रक हलतं. शाळेत घाई झाली की काय होतं ते तिला ठाऊक असणारच : दमट हवेत शाडू आतून सुकलेला नसतो, वर रंग बसतो आणि चार दिवसांत पोपडे सुटतात. डोळ्यांची आखणी तर थकलेल्या हाताने करूच नये. दिवसभर कलमं बांधून रात्री डोळे आखायला बसणं बंद करा. फुलांना रविवारची सकाळ पुरते.

व्हिडिओचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर मेपर्यंत, म्हणजे परीक्षा आणि आंबा काढणी दोन्हींवर येतो. मार्च-एप्रिलमध्ये कामं घ्यायचीच नाहीत. इतर वेळी अर्धे पैसे आधी आणि दुरुस्त्या दोनदाच. "घरचंच काम आहे" म्हणणाऱ्यांना वर्षातून एक काम फुकट, त्यापुढे दर सांगायचा. हे तिला जड जाईल, तेव्हा सुरुवातीला दर तुम्हीच सांगा. नवा कॅमेरा किंवा लॅपटॉप व्हिडिओच्याच कमाईतून.

कोर्सचं बोलू. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या सरकारी महाविद्यालयात बीएस्सी कृषीला जागा मिळाली तर घ्यावी. फळबागा, माती, किडी, अर्थशास्त्र असं सगळं एकाच पदवीत येतं आणि तिच्यासारख्या मुलीला ते मानवेल. चार वर्षं गणपतीची शाळा मात्र बरीचशी सुटेल, हे आधीच समजावून सांगा. तिथे नाही जमलं तर दूरच्या खासगी कृषी महाविद्यालयाची भारी फी भरू नका. जवळच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र मेजर (मुख्य विषय) घ्या आणि मायनरला (जोडविषयाला) दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या विषयाचा विचार करा. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मेजर-मायनरची पद्धत आहे आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी जमवायचे श्रेयांक, मिळतात. तो अनुभव परवानाधारक रोपवाटिकेत घेता येईल का, हे प्रवेशाआधीच विचारा. मायनरला कुठले विषय खरंच शिकवतात तेही विचारा. माहितीपत्रकात दहा असतात आणि शिक्षक दोनचेच.

एका वर्षाने सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, असं कोणी सांगेल. सोय आहे, पण त्यासाठी जादा ४ क्रेडिट लागतात आणि एमपीएससीच्या राज्यसेवेसारख्या परीक्षांना पदवीच हवी. हा दरवाजा आजारपण, घरची अडचण अशा वेळेसाठी ठेवा. आणि दुसरा एखादा विषय फारच खुणावला तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमाने नियमित पदवीबरोबर दूरशिक्षणाची दुसरी पदवी करता येते. पहिल्या वर्षी मात्र नको.

एका वेळी दोन कामं जोरात, एक मंद आचेवर. चौथं नवं धरायचं तर एक बाजूला ठेवायचं. दर महिन्याच्या शेवटी वहीत तीनच नोंदी : कुठल्या कामाला किती तास, किती पैसे, काय बिघडलं. चाकरमानी नातेवाईक चतुर्थीला आले की "पुढे काय करते?" विचारतीलच, तेव्हा "बीएस्सी करते, कलमं बांधते" एवढं सांगितलं तरी पुरे.

प्रवेशाआधी क्रेडिट बँकेचं (मिळालेली क्रेडिट जिथे जमा होतात ते) खातं उघडताना आधार आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर तिचं नाव अक्षरशः सारखं आहे ना, ते बघा. फरक असेल तर आधार दुरुस्तीला याच आठवड्यात जा. प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांगा असतात.