खांदा खाली आणा, केव्ही तसाच राहू द्या

प्रश्न : ताई, मी रेडिओग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोपराचा लॅटरल (बाजूने घेतलेला एक्स-रे) माझ्याकडून दर वेळी बिघडतो, सांध्याची फट दिसतच नाही. सीनियर म्हणाले, केव्ही (किरणांचा जोर ठरवणारं व्होल्टेज) वाढव. 60 वरून 66 वर नेला, तर फोटो नुसता राखाडी झाला. हातापायांच्या सगळ्या व्ह्यूंसाठी एक खात्रीचा एक्स्पोजर चार्ट द्याल का?

उत्तर : चार्टचं नंतर पाहू. आधी मला सांग, फोटो काढताना तुझ्या पेशंटचा खांदा कुठे असतो? तो खुर्चीत उंच बसलेला आणि हात वरून खाली टेबलावर ठेवलेला, असंच असणार. मग दंड तिरका उतरतो. दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंना जे उंचवटे बोटांना लागतात, ते एकावर एक येत नाहीत आणि सांध्याची फट झाकली जाते. ती केव्हीने उघडत नाही. हाडावर हाड चढलंय, तिथे किरण जास्त जोरात पाठवून काय मिळणार?

खुर्ची इतकी खाली घे की काख टेबलाच्या पातळीत येईल. खांदा, कोपर आणि मनगट तिन्ही एका पातळीत. कोपर 90 अंशांत, अंगठा वर, मनगटही लॅटरल. हात थरथरत असेल तर तळव्याला स्पंज आणि मनगटाजवळ सँडबॅग दे. मग किरण सोडणाऱ्या ट्यूबकडे जाण्याआधी ते दोन उंचवटे चिमटीत धरून बघ, चिमूट टेबलाला उभी काटकोनात यायला हवी. मी आयुष्यभर ही चिमूट सोडली नाही. नीट जमलं की फोटोत सांध्याच्या जागी एकात एक बसलेल्या गोल कडा दिसतात आणि त्यांच्यापुढे फट स्वच्छ उघडते.

90 अंशांचा आग्रह कशासाठी, हे मी चूक करून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एक आठेक वर्षांचा मुलगा आला होता, पडून कोपर दुखावलेला. रडत होता, म्हणून मी घाईने हात जेमतेम वाकवलेला असतानाच लॅटरल घेतला. सांध्याच्या मागे चरबीची काळी रेघ दिसत होती. एरवी वाकवलेल्या कोपरात ती दिसली की आत रक्त साचलंय, कुठेतरी तडा आहे असं समजतात. पण हात सरळ असला तर ती निरोगी कोपरातही बाहेर ढकलली जाते. त्यामुळे माझ्या फोटोतल्या त्या रेघेला काही अर्थच उरला नव्हता. दहा दिवसांनी तो परत आला तेव्हा रेडियसच्या, म्हणजे पुढच्या हातातल्या अंगठ्याकडच्या हाडाच्या, मानेतला तडा स्पष्ट दिसला. ते दहा दिवस त्याने दुखरा हात वापरला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मात्र वाकत नसलेला हात जोर लावून वाकवायचा नाही. विशेषतः लहान मूल पडलंय आणि कोपराच्या वर सूज आहे, तर मुळीच नाही. तिथे हाड सरकलं तर रक्तवाहिनी दबते. हात आहे तसा राहू दे, ट्यूब आडवी फिरव, डिटेक्टर, म्हणजे फोटो टिपणारी पाटी, उभा धरव. बोटं गार किंवा पांढरी दिसली तर फोटो बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना हाक मार. एपीसाठी, म्हणजे समोरून घ्यायच्या फोटोसाठी, हात सरळ होत नसेल तर दोन फोटो घे : एकात दंड डिटेक्टरला टेकलेला, दुसऱ्यात पुढचा हात.

आता तुझ्या चार्टकडे. सगळ्या मशिनना चालेल असा चार्ट नसतो, तो ज्याच्या त्याच्या भिंतीवर लिहायचा असतो. सुरुवात म्हणून मी सांगेन : 100 सेंटिमीटर अंतरावर पंजा आणि मनगटाला 50 ते 55 केव्ही, कोपराला साधारण 60, घोट्यालाही तितकंच, गुडघ्याला 65 च्या आसपास. एमएएस, म्हणजे किरणांचं एकूण प्रमाण, तुझ्या डिटेक्टरवर ठरव. वेळ शक्य तितका कमी आणि फोकस (ट्यूबमध्ये किरण जिथून निघतात तो ठिपका) लहान ठेव. 10 सेंटिमीटरपेक्षा जाड भाग नसेल तर ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लावू नकोस, डोस उगाच वाढतो. ओलं प्लास्टर असेल तर एमएएस साधारण दुप्पट लागतं.

केव्ही 15 टक्के वाढवलं की डिटेक्टरला एमएएस दुप्पट केल्याइतका मारा मिळतो आणि कॉन्ट्रास्ट घटतो, म्हणून तुझा फोटो राखाडी झाला. फिल्मच्या काळात जास्त एक्स्पोजर दिलं की फिल्म काळी पडायची, चूक लपायची नाही. डिजिटलमध्ये संगणक सगळं सावरून देतो. कमी दिलं तर दाणेदार दिसतं म्हणून लोक हळूहळू जास्त द्यायला लागतात, फोटो सुंदरच येतो आणि पेशंटला किती गेलं हे कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक फोटोखालचा एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरला किती किरण मिळाले ते सांगणारा आकडा, वाचायची सवय आत्ताच लाव. आणि उजव्या-डाव्याचा शिशाचा मार्कर फोटो काढतानाच ठेव, नंतर संगणकावर चिकटवलेल्या अक्षरावर माझा विश्वास नाही.

प्रश्न : घसरून तळहातावर पडलो. मनगटाच्या एक्स-रेत काही निघालं नाही, तरी डॉक्टरांनी पट्टी बांधून दहा दिवसांनी पुन्हा काढायला सांगितलंय. पहिला चुकला होता का? आणि इतके किरण बरे का?

उत्तर : चुकला असेलच असं नाही. अंगठ्याच्या मुळाशी स्केफॉइड नावाचं छोटं हाड आहे. त्यातला बारीक तडा पहिल्या दिवशी बऱ्याचदा दिसत नाही. 10 ते 14 दिवसांत तडकलेल्या कडांचं हाड थोडं विरतं, मग रेघ उमटते. या हाडाला रक्त दूरच्या, म्हणजे बोटांकडच्या टोकाकडून मिळतं. त्यामुळे तडा दुर्लक्षित राहिला तर कोपराच्या दिशेचा तुकडा रक्ताविना मरू शकतो. डॉक्टर सांगताहेत ते काळजीपोटी, पट्टी काढू नका.

दुसऱ्या वेळी मूठ हलकी मिटून मनगट करंगळीकडे झुकवायला सांगतील. त्याने ते हाड लांब उलगडून दिसतं. दुखलं तर तसं सांगा, पण फोटो होईपर्यंत हलू नका, हललेला फोटो पुन्हा काढावा लागतो. किरणांचं म्हणाल तर मनगटाच्या एका एक्स-रेतून मिळणारा डोस साधारण 0.001 मिलिसिव्हर्ट, म्हणजे आपल्याला निसर्गातून काही तासांत मिळतो तेवढा.